व्हॅम्पायरांची पाठदुखी : सत्तावीस फाटक्या पुस्तकांच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

मोजणी झाली. एकूण ४३ पुस्तकं. त्यातली ९ माझी, अकरावीपासून जपलेली. ८ मैत्रिणींनी “ने बाई एकदाची” म्हणून दिलेली. १७ स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून, सरसकट ४० रुपयांना एक. उरलेली ९ माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून, घासाघीस करून १,१५० रुपयांत. काम सुरू व्हायच्या आधीच १,८३० गेले.

सगळी एकाच जातकुळीची. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आणि तिच्यावर जीव टाकणारा व्हॅम्पायर, लांडगा, स्वर्गातून हाकललेला देवदूत, नाहीतर थेट भूत. दुकानात या फळीवर ‘यंग अडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स’ लिहिलेलं असतं. मी २००९ मध्ये पहिलं वाचलं, तेव्हापासून चेष्टा ऐकत वाचतेय. आता एकतिशीत चेष्टेचं काही वाटत नाही.

बेत असा : विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एका कपाटापुरती जागा मागितलीय. बिल्डिंगमधल्या मुली ही पुस्तकं मोबाइलवर डोळे फोडून वाचतात, त्यांना हातात धरायला मिळावीत. मुदत गणपतीची, म्हणजे ७ सप्टेंबर. बाइंडरकडे द्यायची ऐपत नाही, म्हणून दुरुस्ती घरीच. अनुभव शून्य.

वर्गवारी : १२ धडधाकट. ४ सिग्नलवर मिळणाऱ्या पायरेटेड प्रती, त्या कपाटात ठेवणार नाही. २७ दुरुस्तीला.

पायरेटेड चारांतलं एक माझंच आहे. त्यात २८९ ते ३०४ ही सोळा पानं दोनदा आलीत आणि पुढची सोळा नाहीतच. नायक नक्की कोण आहे हे नायिकेला कळतं तो प्रसंग त्या सोळा पानांत होता. मला वाटायचं लेखिकेनेच गाळलाय, काय पण धाडस! चार वर्षांनी खरी प्रत हाती आली तेव्हा कळलं.

वहीत प्रत्येक पुस्तकापुढे एक रकाना जास्तीचा आखला : ‘कुठे उघडतं’. पुस्तक पाठीवर उभं धरायचं आणि दोन्ही हात सोडायचे. ज्या पानावर ते आपोआप उघडतं तिथेच पाठीला चीर असते. एका पुस्तकाच्या तीन प्रती तीन ठिकाणांहून आल्यात. उघडली पान २७६, २७८ आणि २७६ वर. तिघींपैकी कुणी कुणाला ओळखत नसणार. काय प्रसंग आहे ते सांगत नाही, पण पाऊस आहे आणि गाडी बंद पडलीय.

९ जून, रविवार

सगळ्यात जाड पुस्तकापासून सुरुवात केली, ही पहिली चूक. ‘ट्वायलाइट’ (शाळकरी मुलगी आणि व्हॅम्पायर यांची स्टेफनी मायरची मालिका), तिचा चौथा भाग, २००८ चा, साडेसातशे पानं. पहिला भाग २००५ मध्ये पाचशेच्या आत होता. मालिका चालली की पानं वाढत जातात आणि पाठीचा गोंद तोच राहतो. या पुस्तकाचे सरळ तीन तुकडे झाले होते.

या पुस्तकांच्या पाठीला कारखान्यात गरम गोंद ओततात. तो थंड झाला की कडक होतो, वर्षांनी ठिसूळ. तो काढायचा तर पुन्हा तापवायचा. मी हेअर ड्रायर लावला. तोंड पाठीला अगदी टेकवून धरलं, हवा बाहेर पडायला जागाच ठेवली नाही. चाळीस मिनिटांत ड्रायरमधून जळका वास आला आणि तो कायमचा बसला. ८७० रुपये.

मग आईची जुनी इस्त्री काढली. वाफेची नाही, साधी. सगळ्यात मंद आचेवर ठेवून पाठीवर बटर पेपर टाकला आणि वरून दोन-तीन मिनिटं फिरवली. गोंद मऊ झाला आणि कव्हर अलगद सुटलं. कव्हर वर ओढू नका, आडवं, पाठीला लागून ओढा. मी वर ओढलं आणि काळ्या लॅमिनेशनचा पापुद्रा उचकटला. या पुस्तकांची कव्हरं काळी आणि त्यावर एकच लाल वस्तू, ही ‘ट्वायलाइट’च्या सफरचंदानंतरची फॅशन. दिसतात झकास, पण जरा पापुद्रा निघाला की आतला पांढरा कागद कोडासारखा दिसतो. काळ्या मार्करने भरला. दोन हात लांबून कळत नाही.

आई : “अगं, इस्त्रीला काय चिकटलंय हे?” उत्तर दिलं नाही.

१५ जून, शनिवार

दोन फळ्या (कोपऱ्यावरच्या सुताराने फुकट दिल्या), दोन शिकंजे (२८० रुपये), एक किलो सुतारकामाचा पांढरा गम (२४० रुपये).

पद्धत अशी. पानांचा गठ्ठा पाठ वर करून फळ्यांत धरायचा, तीनेक सेंटिमीटर बाहेर ठेवायचा. तो भाग एका बाजूला पंख्यासारखा वाकवायचा, की प्रत्येक पानाची अगदी बारीक कड उघडी पडते. तिथे ब्रशने गम. मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा गम. म्हणजे प्रत्येक पान शेजारच्या पानाला दोन्ही बाजूंनी केसभर चिकटतं. मग सरळ करून शिकंजा आवळायचा.

मी आवळला. रात्री झोपले. सकाळी फळी, पुस्तक आणि दुसरी फळी असा एकच ठोकळा झाला होता. मध्ये काही घालायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. सुरी घालून सोडवलं, पहिली आणि शेवटची चार-चार पानं फळीलाच राहिली. आता मध्ये दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून घालते. गम तिला चिकटत नाही. फुकट आणि रोज ताजा पुरवठा.

बरं, सुटल्यावर तरी नीट असावं? पुस्तक मध्यावर उघडलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. सुतारकामाचा गम वाळल्यावर काचेसारखा होतो. लाकूड हलत नाही म्हणून तिथे चालतं, पुस्तकाला रोज वाकायचं असतं. दोन आठवडे आणि एक किलो गम पाण्यात. उरलेल्या गमने आईच्या देव्हाऱ्याचा पाय चिकटवला. तो मात्र पक्का बसला.

२३ जून, रविवार

काल शनिवारी अर्धा दिवस रजा टाकून फोर्टात गेले. एका गल्लीत वकिलांची पुस्तकं बांधणारे काका आहेत. माझं पुस्तक त्यांनी हातात घेतलं, पाठ बघितली, पानं फुर्रकन सोडली.

“ताई, हे पुस्तक नाही, हे पॅड आहे. जुजबंदी असती तर मी शिवून दिलं असतं. इथे घडीच नाही, धागा कुठे धरणार?”

जुज म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा. जुनी पुस्तकं जुज शिवून बांधलेली असतात. आमच्या व्हॅम्पायरांच्या घड्या कारखान्यातच छाटून टाकलेल्या. सुट्या पानांचा ढीग, नुसता चिकटवलेला.

काकांनी तासाभरात जे शिकवलं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. गमची परीक्षा : एक थेंब प्लॅस्टिकवर टाकून रात्रभर वाळू द्या. सकाळी सोलून काढा आणि दुमडा. तुटला तर फेका, रबरासारखा परत आला तर घ्या. पाठीला कापड कोणतं? मी मेडिकलमधून बँडेजची जाळी नेली होती. ते हसले. “ही जखमेला ठीक आहे.” जाळी फार विरळ, गम आरपार जातो. मांजरपाट घ्या, एकदा धुऊन, खळ काढून. अस्तराला, म्हणजे कव्हराच्या आत चिकटवायच्या कोऱ्या कागदाला, मात्र गव्हाची खळच, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, म्हणून स्वयंपाकघरात ते करू नका हेही त्यांनीच बजावलं. शेवटी मी मोरचूद घेतलंच नाही. घरात भाचा रांगतोय.

पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा.

तिथून अब्दुल रेहमान स्ट्रीट. बाइंडिंगचा मऊ गम १ किलो ३१०, पुठ्ठा आणि जाड कार्ड १६०. मांजरपाट दोन मीटर १४०, ते येताना दादरला घेतलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये पुठ्ठे डोक्यावर धरून लेडीज डब्यात उभं राहणे हा वेगळा प्रकल्प आहे.

३० जून, रविवार

नवा गम परीक्षेत पास. या आठवड्यात रोज रात्री एक, अशी पाच पुस्तकं केली. चार उत्तम.

पाचवं मारलं. जाड पुस्तकांना जास्त पकड हवी म्हणून पाठीवर आडव्या खाचा पाडून त्यात गमात बुडवलेला दोरा बसवतात. मी हॅकसॉ ब्लेडने खाचा पाडल्या आणि हात वाहवत गेला. मोजल्या तर चार मिलिमीटर खोल. या पुस्तकांत आतला समास आधीच चिंचोळा. बारा पानांवर ओळीची पहिली अक्षरं गेली. नायिकेच्या नावाचं पहिलं अक्षर प्रत्येक ठिकाणी गायब. पुस्तक बाद.

तेव्हापासून नियम : खाच एक ते दीड मिलिमीटर, एका पुस्तकाला पाच, आणि ब्लेडला आधीच चिकटपट्टी लावून ठेवायची म्हणजे त्याच्याखाली जाताच येत नाही. तीनशे पानांच्या आतल्याला खाचाच नकोत, मांजरपाट पुरे.

दुसरा नियम : शिकंजा चोवीस तास. पावसात तीस. परवा एक बारा तासांत सोडलं, आधी नऊ-दहा पानं सैल झाली आणि मग अख्खं प्रकरण बाहेर आलं. ते परत केलं. चोवीस म्हणजे चोवीस.

आणखी एक गोष्ट खटकते. दुरुस्त केलेलं पुस्तक पाठीवर उभं करून हात सोडले, तर ते कुठेही उघडतं. चीर गेली. कुणीतरी पंधरा-वीस वेळा वाचलेलं पान आता इतर पानांसारखंच. मला हे आधी सुचलं नव्हतं. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने तो आकडा लिहून ठेवायला लागले. नुसता आकडा, बाकी काही नाही.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. लोकल बंद, ऑफिस बंद.

शुक्रवारीच मी १५ पुस्तकं खाली सोसायटीच्या ऑफिसात नेऊन ठेवली होती, घरात जागा नाही म्हणून. जमिनीवर, खोक्यात. खोकं का, तर कपाट अजून आलं नव्हतं. जमिनीवर का, याला उत्तर नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

सकाळी साडेसातला गुडघाभर पाण्यातून खोकं वर आणलं. ११ भिजली, ४ वरच्या थरात होती म्हणून वाचली.

‘ट्वायलाइट’ घडते त्या फोर्क्स गावात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. लेखिकेने अमेरिकेतलं अतिपावसाचं गाव शोधूनच ते घेतलं, कारण तिच्या व्हॅम्पायरांना ऊन चालत नाही. त्याचा दहावा हिस्सा इथे एका रात्रीत आला. फोर्क्समध्ये पुस्तकं कशी टिकवतात हे कुणी सांगेल तर बरं.

१० जुलै, बुधवार

भिजल्यावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे कालचा पूर्ण दिवस यातच. काय केलं ते क्रमाने. आधी पुस्तकं उभी, पंख्यासारखी किंचित उघडून, टॉवेलवर. टेबलफॅन समोर, पण थेट अंगावर नाही. दर वीसेक पानांनंतर कोरा कागद, तो दर दोन तासांनी बदलायचा. पहिल्या दोन पुस्तकांत वर्तमानपत्र घातलं आणि त्याची शाई पानावर उतरली. आता एका चुंबनावर आडवी, उलटी, पुसट अशी ‘भाव वधारले’ ही ओळ आहे. उन्हात ठेवायचा प्रश्नच नव्हता, ऊन कुठे होतं? असतं तरी ठेवू नका, पानं वाकडी होतात.

माझी मोठी धास्ती मॅगी स्टीफव्हाटरच्या लांडग्यांच्या मालिकेबद्दल होती. तिचे तीन भाग २००९, २०१० आणि २०११ चे. पहिल्या आवृत्तीची पुठ्ठाबांधणी तीन रंगांच्या शाईत छापलेली : पहिला भाग निळ्या, दुसरा हिरव्या, तिसरा लाल. माझ्याकडे हिरवा दुसरा होता, आणि तो पूर्ण भिजला. वाटलं, गेला, सगळी पानं पालकाची भाजी होणार. काहीही झालं नाही. पुस्तकाच्या छपाईची शाई तेलाची असते, वर्तमानपत्रासारखी उतरत नाही, पाण्याने हलत नाही. हललं ते पहिल्या पानावरचं जेल पेनने लिहिलेलं. “प्रिय मृ…” इथपर्यंत वाचता येतं, पुढे जांभळा डाग. तिने हे पुस्तक रद्दीत का दिलं असेल यावर मी आणि आईने जेवताना बरीच चर्चा केली. आईचं मत : भांडण. माझं : लग्न.

२१ जुलै, रविवार

११ पैकी ८ वाचली. ३ ना पाठीच्या आतून करडी-हिरवी बुरशी आली होती. ती मास्क लावून बाहेर फेकली, दुसऱ्यांना लागली असती. फेकण्याआधी उघडून बघितली. एक २७६ वालं होतं.

वाचलेली आठ लाटांसारखी झालीत. पिठाचा डबा, पाटा आणि भावाचे डंबेल्स अशा वजनाखाली दहा दिवस ठेवली. पूर्ण सपाट होत नाहीत. कागद साधा, भरड लगद्याचा, फुगला की परत बसत नाही. पण वाचता येतात. चकचकीत कागद असता तर पानं एकमेकांना चिकटून वीट झाली असती. तेव्हा स्वस्त कागदाचे आभार.

पुठ्ठ्याचीही चूक इथेच लिहून टाकते. दोन पुस्तकांना नवी कव्हरं केली, ती चार दिवसांत पापडासारखी वळली. कागदाला आणि पुठ्ठ्याला एक उभी शीर असते, ती पाठीला समांतर हवी. मी पुठ्ठा वाचावा म्हणून आडवा कापला होता. ओळखायचं कसं? हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी शिरेच्या दिशेने. दोन्ही कव्हरं पुन्हा. तीन संध्याकाळी गेल्या.

४ ऑगस्ट, रविवार, गटारी

रद्दीवाल्याकडच्या पुस्तकांत कसर निघाली. चंदेरी, चपटी, पान उलटलं की सुळकन पाठीत शिरणारी. गम, खळ आणि कागद खाऊन जगते. दुरुस्त केलेल्या पुस्तकांत ती घुसली तर सगळंच मुसळ केरात.

उपाय एकच सोसण्यासारखा : थंडी. पुस्तक हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे. आमच्या फ्रीझरमध्ये कोलंबी, बोंबील आणि सुरमई यांची वस्ती, तिथे पुस्तकाला जागा नाही, आणि आईला विचारायची हिंमतही नव्हती. पण उद्यापासून श्रावण. आज दुपारी शेवटची सुरमई तळली, फ्रीझर पुसला, आणि १६ पुस्तकं आठ-आठच्या दोन मोठ्या झिप पिशव्यांत (९० रुपये) आत गेली. पिशवीतली हवा जमेल तेवढी काढली. माशांचा वास लागू नये म्हणून बाहेरून आणखी एक पिशवी.

आई म्हणाली, “श्रावणात घरात प्रेतं ठेवलीस.” व्हॅम्पायरच आहेत, फार चुकीचं नाही म्हणा.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

बाहेर काढली. पिशव्या लगेच उघडू नका. मी पहिली उघडली आणि थंड पुस्तकांवर क्षणात दव जमलं, जुलैची पुनरावृत्ती व्हायची बाकी होती. दुसरी पिशवी दिवसभर बंदच बाहेर ठेवली, मग उघडली. कोरडी. मेलेली कसर ब्रशने झटकली, सतरा मोजल्या आणि सोडून दिलं.

आज नारळीभात झाला. पुस्तकांना वास लागलेला नाही. दोघांकडून हुंगवून घेतलं.

२५ ऑगस्ट, रविवार

कपाट आलं. जुनं स्टीलचं, १,८०० रुपये, टेम्पो ३००. यावेळी चार विटांवर ठेवलं.

या प्रकारच्या पुस्तकांची खरी डोकेदुखी बांधणी नाही, भाग आहेत. एकटं पुस्तक क्वचितच असतं. तीन, चार, सहा, एका मालिकेचे तर बारा. नावावरून क्रम कळत नाही, कारण सगळी नावं म्हणजे एखादा अंधारा शब्द. म्हणून पाठीवर खाली पांढऱ्या शाईने क्रमांक टाकले. आणि मग लक्षात आलं की पहिला भाग सगळीकडे मिळतो, शेवटचा उत्साही लोकांकडे असतो, दुसरा कुणाकडेच नसतो. माझ्याकडे सहा मालिका आहेत, त्यात चार बिनदुसऱ्याच्या. किंग्ज सर्कलला पुन्हा गेले. फुटपाथवाल्या दादांनी न बघता सांगितलं, “दुसरा पार्ट येतच नाही, मॅडम. लोक परत देत नाहीत.” माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो. तो भाग मुली उशीखाली ठेवतात.

एक मात्र मिळाला, तोही पाठ पूर्ण गेलेला, ७० रुपये. रांगेत शेवटी लावलाय.

१ सप्टेंबर, रविवार

कपाटावर नाव काय घालायचं यावरून सोसायटीत वाद. सेक्रेटरींचं म्हणणं, “मॅडम, गणपतीत भूत हा शब्द बोर्डावर नको.” समोरच्या काकूंना मी विषय समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे आपला मुंजाच की. सोडमुंजीआधी गेला तो पिंपळावर बसतो, आणि तुमचा हा शंभरी ओलांडून अकरावीच्या बाकावर बसतो. नापास होतो का दरवर्षी?” पंधरा वर्षांत ‘ट्वायलाइट’वर मी ऐकलेली ही सगळ्यात नेमकी टीका.

शेवटी ‘अद्भुत प्रेमकथा’ असं लिहिलं. काकूंनी पहिलं नाव नोंदवलं.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

आरतीनंतर कपाट उघडलं. १२ धडधाकट आणि २१ दुरुस्त, मिळून ३३. मूळच्या २७ मधली ४ बाद (एक ब्लेडने, तीन बुरशीने), २ अजून बाकी. नव्याने आलेला दुसरा भाग धरून ३. पुस्तकं, गम, शिकंजे, मांजरपाट, पुठ्ठा, पिशव्या, कपाट, टेम्पो आणि जळालेला ड्रायर, सगळं मिळून ६,०९०. वेळ मोजलेला नाही. एका पुस्तकाला हाताचं काम दीड तास धरा, वाळणं वेगळं.

मोदकाच्या हातांनी पुस्तकाला हात लावायचा नाही असा बोर्ड लावायला हवा होता. ९ पुस्तकं गेली, दोनांवर तूप.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी गेल्या, थोडी उसंत मिळाली. परत आलेली पाच तपासली. पाठी शाबूत, एकही पान सैल नाही. पण मला कळेना की मुली पुस्तक उघडण्याआधी उलटं का करतात. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीने फोडलं.

“ताई, मागे पेन्सिलने नंबर असतो ना, आम्ही आधी ते पान वाचतो. चांगलं असलं तरच नेतो.”

पुसून टाकू का, असा विचार दोन मिनिटं केला. नाही पुसले. उलट एकीने २७८ च्या खाली निळ्या पेनने ‘३४१ पण’ असं लिहिलंय. पेन वापरल्याबद्दल बोलायला हवं. ३४१ वाचलं. बरोबर आहे तिचं.

१५ सप्टेंबर, रविवार

काल संध्याकाळी सहाला ७० रुपयांचा दुसरा भाग शिकंज्यात घातला. खाचा पाच, दीड मिलिमीटर. मांजरपाट. दुधाची पिशवी.

आज सकाळी दहाला बेल. तीच दहावीतली. पहिला भाग परत आणलाय, दोन दिवसांत साडेचारशे पानं. डोळे सुजलेले.

“ताई, दुसरा?”

“वाळतोय. संध्याकाळी सहानंतर.”

“शेवटी तो जातो का?”

“मी काही सांगणार नाही.”

“म्हणजे जातो.” ती दारातच पायरीवर बसली. तिची सहामाही पुढच्या महिन्यात आहे, हे तिच्या आईने मला लिफ्टमध्ये दोनदा ऐकवलंय. मी आत जाऊन पाठीला बोट लावून बघितलं. गम वरून कोरडा, कडेला जरा थंड लागतो, म्हणजे आत ओल आहे. बाहेर पाऊस. तीस तास हवेत.

अकराला पुन्हा बघितलं. ती अजून पायरीवर, पहिल्या भागाचं शेवटचं प्रकरण परत वाचत होती.

सव्वाअकराला शिकंजा सोडला. सतरा तास. पूर्ण उघडू नकोस, टेबलावर सपाट ठेवू नकोस, दोन्ही हातांनी अर्धवट धरून वाच, असं चार वेळा सांगून दिला.